गुरुवारचा रिपोर्ट

आदिलाबाद,
बुधवार, दुपार

प्रिय हर्षाली,

हे पत्र धम्मपालच्या हाती पाठवतेय. तो माझ्याबरोबर लॅबमध्ये असतो आणि रोज संध्याकाळी तुमच्याच रस्त्यानं घरी जातो. पाकीट फक्त तुझ्या हातात द्यायचं, अनुपकडे नाही, आईकडे तर नाहीच, असं त्याला दोनदा बजावलंय. फोन केला असता, पण तुझा फोन बाळाजवळ असतो आणि बाळाजवळ आई असते. तिला कमी ऐकू येतं म्हणून तू स्पीकर लावतेस, मग आपल्या दोघींचं असं काही बोलणं होतच नाही. मला पत्र लिहायची सवय राहिलेली नाही. शेवटचं लिहिलं ते तुझ्या नवऱ्याला, अनुपला, तो उटनूरच्या वसतिगृहात होता तेव्हा. त्यात मी त्याला रोज आंघोळ कर आणि खोटं बोलू नको असं लिहिलं होतं. अठरा वर्षं झाली त्याला.

बाळ दोन किलो चारशेचं झालं असं काल आई सांगत होती, आणि आता तोंड न सोडता दूध ओढते म्हणाली. बरं वाटलं. तुझं बीपी अनुपनं मोजलं का? आता बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टर सांगतील तेव्हाच कर. अंगणवाडीच्या बाईंकडून बाळाचं वजन दर आठवड्याला करून घे. इथं लॅबमध्ये सध्या डेंग्यूची गर्दी आहे, सकाळपासून खिडकीशी रांग लागते आणि जो तो एकच विचारतो, पेशी किती आल्या. आपल्या जिल्ह्यात प्लेटलेटला सगळे पेशीच म्हणतात. तो शब्द कानावर पडला की मला तुझा चेहरा दिसतो. म्हणून आज दुपारची सुट्टी टाकून बसले आहे. दौलत कामावर गेलेत. घरात मी एकटी आहे.

हर्षाली, मी तुझ्यावर जळत होते. हा शब्द आधीच लिहून टाकते, कारण तो मागे ठेवला तर मी त्याला चांगले कपडे घालीन. तू लग्न होऊन आलीस त्याच महिन्यापासून जळत होते. तुझं वाईट वागणं असतं तर सोपं गेलं असतं. तू तर मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणालीस, मी आले की माझी पिशवी हातातून घेतलीस. पण आई शेजारच्या शकुबाईंना तुझी वही नेऊन दाखवायची, माझ्या सुनेचं अक्षर पाहा म्हणून. आईनं माझं अक्षर कधी कुणाला दाखवलं नव्हतं. मग एका रविवारी मी आले तर आई ओसरीवर बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती आणि तू तिचा हात धरला होतास. सखूबाई. चार अक्षरं. जन्मभर परक्याच्या शेतात कापूस वेचलेली आमची आई तुझ्यामुळे सही करायला शिकली. बँकेत तिनं पहिल्यांदा सही केली तेव्हा अनुपनं घरच्या ग्रुपवर फोटो पाठवला आणि सगळ्यांनी अंगठे वर केले. मीही केला. आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. वीस वर्षं एक शिकलेली मुलगी तिच्या घरात होती. तिचा हात धरायचं मला का सुचलं नाही, याचा राग मी तुझ्यावर काढला.

नंतर तुला दिवस गेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुला माहीत आहे की माझं एक बाळ गेलं, पण कसं गेलं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. अकरा वर्षं झाली. दौलत तेव्हा भैंशाला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आठवड्यातून एकदा यायचे. मी एका खासगी लॅबमध्ये दिवसभर उभी असायची. सातवा महिना होता. पाय सुजले, डोकं धरलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी रोज दुसऱ्यांचं रक्त तपासत होते, आणि माझं बीपी कुणी मोजलं नाही, मीही नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा बाळाचे ठोके बंद झाले होते. मुलगी होती. केस खूप होते तिला. आई आली, दोन दिवस माझ्या उशाशी बसली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून म्हणाली की कापूस फुटून पडला आहे, मालक दुसरी बाई लावेल, जाते मी. आणि गेली. त्यानंतर आमच्या दोघींत त्या मुलीचा विषय कधी निघाला नाही. जणू मला ताप आला होता आणि उतरला.

आता तूच सांग, तुझ्या वेळेला मी काय बघत होते? आईनं वेचणीला जाणं बंद केलं. तुझी पाण्याची घागर ती उचलायची. मी रविवारी यायची तेव्हा ती तुझे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसलेली असायची आणि मान न वळवता मला म्हणायची, चहा घे करून. तुला अंबाडीची भाजी खावीशी वाटली तर ती पाटाच्या कडेनं दुसऱ्या गावापर्यंत चालत जाऊन जुडी घेऊन आली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तुझे बाबा भैंशाहून न्यायला आले होते, तर तिनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. रंजीता दवाखान्यात आहे, मुलगी इथंच राहील, असं म्हणाली. ते ऐकून सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मला मात्र त्यात एवढंच ऐकू आलं की रंजीता आता तुझ्या कामाला आहे. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला तुझं बीपी एकशे चाळीसवर गेलं तेव्हा घरात जी धावपळ झाली ती आठव. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, अनुप बीपीचं यंत्र विकत घेऊन आला, आई रोज सकाळी आकडा विचारायची आणि भिंतीवर कोळशानं रेघ मारायची. खरं सांगते, मला तुझ्या त्या वाढलेल्या बीपीचासुद्धा हेवा वाटला.

त्यानंतरच्या गुरुवारी तू तपासणीला आलीस. तो दिवस तुलाही आठवेल, कारण खूप ऊन होतं आणि तू लॅबबाहेरच्या बाकावर माझ्या डब्यातला भात खाल्लास. डॉक्टर मॅडमनी बीपीची गोळी चालू केली आणि रक्त तपासायला लिहिलं. रिपोर्ट आजच दाखवा म्हणाल्या. रक्त मीच काढलं. तुमची बस चुकत होती म्हणून मी म्हटलं, तुम्ही निघा, रिपोर्ट आला की मी वर नेऊन दाखवते आणि फोन करते. तू माझा हात दाबलास आणि गेलीस.

तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासात आईचा फोन आला. रविवारी तुझं डोहाळजेवण होतं. मी पिशवीत तुझ्यासाठी हिरवी साडी घेऊन ठेवली होती आणि ओटी मीच भरणार असं धरून चालले होते, मोठी नणंद म्हणून. आई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "तू ये इतवारी, पण ओटी भरायले पुढं होऊ नको. बायका बोलून राह्यल्या. मलेही कसंतरी वाटते." मी काऊन, का म्हणून, असं विचारलंसुद्धा नाही. विचारायची गरज नव्हती. जिच्या पोटातलं राहिलं नाही तिचा हात नको. आपण बुद्धवंदना घेणारी माणसं, शुभ-अशुभ मानत नाही असं अनुप चारचौघांत सांगतो. आणि माझ्या आईनं मला हे सांगितलं, तुझ्यासाठी. मी फोन ठेवला आणि यंत्राजवळ आले. तुझा रिपोर्ट आलेला होता.

पेशी एक लाख तीस हजार. महिन्यापूर्वी तुझ्या दोन लाख तीस हजार होत्या. ज्याला माहीत नाही त्याला हा आकडा फार वाईट वाटणार नाही. गरोदरपणात पेशी थोड्या उतरतात, पुष्कळ बायकांच्या उतरतात आणि बाळंतपणानंतर भरून येतात. पण मी काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. माझी मुलगी गेल्यावर मी हे सगळं हट्टानं शिकले होते, लॅबमधल्या पोरीपोरांना मीच समजावते. कुठं जखम झाली की या पेशी जाग्या होतात, एकमेकींना धरतात आणि रक्त थांबवतात. गरोदर बाईचं बीपी अशा तऱ्हेनं वाढतं तेव्हा रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, आणि जखम नसतानाच पेशी जाग्या व्हायला लागतात. उगाच चिकटतात, गुठळ्या करतात आणि खर्च होतात. मग शरीर घाईघाईनं नव्या पेशी सोडतं, त्या आकारानं मोठ्या असतात. म्हणून नुसता आकडा बघून भागत नाही. महिनाभरात किती उतरला आणि राहिलेल्या पेशी केवढ्या आहेत, हेही बघावं लागतं. तुझ्या काचपट्टीवर मला मोठाल्या पेशी दिसल्या, एकीकडे नाही, सगळीकडे. बीपी वाढलेलं, पेशी महिन्यात एक लाखानं खाली. मला कळलं होतं. हे मी पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या मनात शंका राहायला नको. मला सगळं कळलं होतं.

वरच्या मजल्यावर जायला एकतीस पायऱ्या आहेत. मी गेले नाही. मी तो कागद घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला आणि तुला फोन केला की सगळं ठीक आहे, पेशी किंचित कमी आहेत, गरोदरपणात होतात, पुढच्या तपासणीला बघू. तू म्हणालीस, ताई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. त्या क्षणी मनात काय होतं ते मी अनेकदा आठवून पाहिलंय. तुझं वाईट व्हावं असं नव्हतं, बाळाचं तर नव्हतंच. एवढंच होतं की एक दिवस, फक्त एक दिवस, त्या घरात तुझ्यासाठी धावपळ होऊ नये. मी रिपोर्ट दाखवला असता तर मॅडमनी तुला त्याच दिवशी भरती करून घेतलं असतं, आई दवाखान्यात तुझ्या उशाशी येऊन बसली असती. ती मला तिथं बसलेली बघायची नव्हती. उद्या दाखवीन असं मी स्वतःला सांगितलं. शुक्रवारी मॅडम रजेवर होत्या. दुसऱ्या डॉक्टर होत्या, त्यांना दाखवता आलं असतं. शनिवारपर्यंत तो कागद इतका उशिराचा झाला होता की दाखवायचा तर उशिराचं कारण सांगावं लागलं असतं.

रविवारी मी आले. तू फुलांची वाडी घालून बसली होतीस, शकुबाईंनी पहिली ओटी भरली. मी मागे पंगतीत वांग्याची भाजी वाढत होते. तू दोनदा मला हाक मारलीस, ताई, पुढं या. मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे आणि तू वर चांगुलपणा मिरवते आहेस. आता कळतंय की तुला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पंगती उठल्यावर तू मला खोलीत बोलावून बोटांतली अंगठी दाखवलीस, सुजेत रुतून बसली होती. म्हणालीस, "ताई, दोन दिसापासून डोकं लई दुखून राह्यलं." मी साबण लावून तुझी अंगठी काढून दिली. आणि म्हटलं, फुलांच्या वासानं दुखत असेल, झोप जरा. हर्षाली, तोच शब्द होता. डोकं. अकरा वर्षांपूर्वी हेच माझ्या तोंडात होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं. तुला ऐकायला मी होते.

पुढचे आठ दिवस मी लॅबमध्ये गेले, घरी आले, भाकरी केल्या. रोज सकाळी ठरवायची, आज फोन करून तिला बोलावून घेते. रोज वाटायचं, मग सगळेच विचारतील. पुढच्या सोमवारी अनुप तुला ऑटोतून घेऊन आला तेव्हा अकरा वाजले होते. आईला वाटलं होतं पित्त झालंय, तिनं पहाटे तुला ओवा चावायला दिला होता. तू उजव्या बरगडीखाली हात दाबून वाकून चालत होतीस आणि तुझे ओठ पांढरे पडले होते. ते दुखणं यकृताचं आहे हे मी पाहताक्षणी ओळखलं. तुझं रक्त मीच काढलं. सुई टोचली त्या जागेतून रक्त थांबेना, कापूस तीनदा बदलला. यंत्रानं चोपन्न हजार सांगितलं. कधी कधी नळीतल्या औषधानं पेशी एकमेकींना चिकटतात आणि यंत्र कमी मोजतं. मी निळ्या टोपणाच्या दुसऱ्या नळीत रक्त घेऊन पुन्हा लावलं, देवाला न मानणारी मी मनात म्हणत होते की यंत्र चुकलेलं असू दे. बावन्न हजार. काचपट्टीवर मोठाल्या पेशी, त्याही तुरळक, आणि तुटलेल्या, टोकदार झालेल्या तांबड्या पेशी. मी कागदाची वाट न बघता त्या पायऱ्या धावत चढले.

पुढचं तुला अर्धवट आठवतं म्हणालीस. तुझं बीपी एकशे सत्तरच्या वर होतं. झटके येऊ नयेत म्हणून तुला इंजेक्शन दिलं, त्यानं अंगात आग होते म्हणून तू ओरडलीस. मॅडम म्हणाल्या की बाळ आत्ताच काढलं पाहिजे, आई वाचायची तर दुसरा मार्ग नाही, आणि पेशी इतक्या कमी असताना चिरफाड म्हणजे रक्त थांबणार नाही ही भीती. रक्तपेढीतून पेशींच्या पिशव्या मिळवायच्या होत्या. दौलत, धम्मपाल आणि अनुपच्या ऑफिसातले तिघे बदली रक्त द्यायला धावले. त्या गडबडीत मॅडमनी मला विचारलं, मी मागे तपासणी लिहिली होती, त्यात पेशी किती होत्या? मी म्हणाले, दोन तीस. तो आधीच्या महिन्याचा आकडा होता. गुरुवारचा कागद माझ्या खांद्याला लटकलेल्या पर्समध्ये होता आणि मी दोन तीस म्हणाले. त्यांनी फाइलवर लिहून घेतलं की पेशी एकदम कोसळल्या.

तू आत होतीस तेव्हा आई आणि मी व्हरांड्यात फरशीवर बसलो होतो.  ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "तुह्या वक्ती मी निघून गेली रंजीता. कापसाचं तर निमित्त होतं. त्या लेकराचं तोंड पाह्यलं अन् मले तिथं थांबवेना. म्हणून हिले सोडून एक दिवस हालली नाही मी." आणि मग ओटीचं बोलली. बायका बोलल्या आणि मी भ्यायले, तुझा हात नको म्हणाले, आता बघ काय झालं. ती रडत होती. अकरा वर्षं जे तिच्या तोंडून ऐकायचं होतं ते मी ऐकत होते. तुझ्या पायांना लागलेलं तेल, ती अंबाडीची जुडी, कोळशाच्या रेघा, सगळं माझ्याच मुलीसाठी चाललं होतं, आणि मी ते तुझ्याकडून हिसकावून घ्यायला निघाले होते.

आतून रडण्याचा आवाज आला तो फार बारीक होता. एक किलो सहाशे. तुझं रक्त थांबायला दोन तास लागले. चौथ्या दिवशी तुझ्या पेशी एक लाखाच्या वर चढल्या आणि आठवड्यानं दोन लाखांवर. तो प्रत्येक नमुना मी स्वतः लावला. आणि तेव्हापासून जे सुरू झालं ते तुला माहीत आहे. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की या ताईंनी रिपोर्टची वाट पाहिली असती तर उशीर झाला असता. अनुपनं माझे पाय धरले. तुझे बाबा भैंशाहून शाल घेऊन आले. आई वॉर्डातल्या अनोळखी बायकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, माझी पोरगी, हिनं वाचवलं दोघींना. तिनं माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलांवर मोडली. लहानपणी अशी अनुपची दृष्ट काढायची, नंतर तुझी. जन्मभर ज्या गोष्टीसाठी मी जळले ती मला मिळाली, आणि मिळाली ती अशी. रात्री जेवताना दौलत विचारतात, काय झालंय तुला, सगळं नीट झालं ना? मी म्हणते, दमले.

गेल्या शनिवारी मी मॅडमकडे गेले आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, ओटीचं सोडून, ते कारण म्हणून सांगायची मला लाज वाटली. त्यांनी कागदावरची तारीख पाहिली. त्या मला रागावल्या नाहीत, ते जास्त कठीण होतं. म्हणाल्या की बाळ लवकर काढावं लागलंच असतं कदाचित, या आजाराला दुसरा उपाय नाही. पण तुला त्या गुरुवारीच भरती केलं असतं तर बीपी आवरता आलं असतं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देता आली असती, आणि चोपन्न हजारांवर सुरी धरायची वेळ बहुतेक आली नसती. त्यांनी मला लेखी द्यायला सांगितलं. मी दिलं आहे. वर पाठवलं जाईल, चौकशी होईल. नोकरीचं काय होईल ते माहीत नाही. दौलतना आज सांगणार आहे.

त्या रिपोर्टची प्रत या पत्रासोबत आहे. ती फाइलमध्ये लाव. तुझ्या पेशी एकदम कोसळल्या नव्हत्या, आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच उतरायला लागल्या होत्या, हे पुढच्या डॉक्टरला कळलंच पाहिजे. तुम्ही पुन्हा कधी विचार केलात तर पाळी चुकताच डॉक्टरकडे जा आणि हा कागद दाखव. पेशी चिकटू नयेत म्हणून एक छोटी गोळी असते, ती तिसरा महिना संपताना सुरू करतात असं मॅडम म्हणाल्या, आणि पेशी दर काही दिवसांनी बघाव्या लागतील. ते कुणाकडूनही तपासून घे. माझ्याकडेच ये असं मी आता म्हणू शकत नाही.

आणि आता ज्यासाठी बसले ते. काल रात्री अनुपचा फोन आला. रविवारी नामकरण आहे, ताई, पाळण्याजवळ तू उभी राहायचं आणि नावही तूच निवडायचं, हर्षालीनं आणि आईनं मिळून ठरवलंय, असं म्हणाला. माझ्याजवळ अकरा वर्षं एक नाव पडून आहे, हर्षाली. ज्या मुलीसाठी ठेवलं होतं तिच्या कानात मला ते सांगता आलं नाही. अनुप बोलत होता तेव्हा तेच नाव माझ्या ओठांवर आलं, ते तुझ्या मुलीला द्यावं असं फार फार वाटलं, आणि मला कळलं की तू हे सगळं वाचल्याशिवाय ते नाव माझ्या तोंडून निघणार नाही. म्हणून ते इथंही लिहीत नाही. आईला मी स्वतः सांगणार आहे, तू या बाबतीत काही बोलू नकोस, तेवढं माझ्यावर सोड. तू शनिवारपर्यंत धम्मपालला नुसतं हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर मी डेंग्यूच्या ड्यूटीचं कारण सांगेन आणि तुला कुणी काही विचारणार नाही. हो म्हणालीस तर पहिल्या बसनं येईन, आणि तू जिथं उभी करशील तिथं उभी राहीन, मागच्या पंगतीतसुद्धा.

तुझीच,
रंजीता